मोठी प्रवाळ टाकी: ओव्हरफ्लो, संप आणि पाइपांच्या मांडणीबद्दल सल्ला हवा

निळाई

नमस्कार. गोड्या पाण्याच्या टाक्या बरीच वर्षं सांभाळल्या, आता पहिल्यांदाच प्रवाळांसाठी मोठी टाकी करायला घेतेय. माप ठरलंय: 180 × 75 × 60 सेंमी, म्हणजे काठोकाठ 810 लिटर. खालच्या कपाटात संप, म्हणजे पाणी गाळून पंपाने परत वर पाठवायची दुसरी टाकी. काच अजून कापलेली नाही, त्यामुळे भोकं कुठे पाडायची हे आत्ता बदलता येईल.

कच्चा आराखडा असा: मागच्या काचेत 32 मिमीचा एक उतरता पाइप आणि 25 मिमीचा एक चढता. चढत्याचं तोंड खडकांच्या मागे, तळाजवळ, म्हणजे तिथे पाणी साचून राहणार नाही. वीज गेल्यावर पाणी उलटं येऊ नये म्हणून चढत्या पाइपवर एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह). पंप ताशी 8000 लिटरचा. यात काय चुकतंय? संप केवढा हवा? कडक पाइप घ्यावेत की होज (लवचिक नळी)?

भरती_ओहोटी

माप छान आहे. 75 सेंमी रुंदी मिळाली की खडक भिंतीसारखे रचावे लागत नाहीत.

पण एनआरव्हीच्या भरवशावर अजिबात राहू नका. माझ्या आधीच्या टाकीत (150 × 60) चढत्या पाइपचं तोंड पाण्यात 12 सेंमी खोल होतं आणि खाली एनआरव्ही. दोन वर्षं तो बिनतक्रार चालला. एका पहाटे वीज गेली आणि 108 लिटर पाणी हळूहळू खाली उतरलं. संपात जागा होती 60 लिटरची, उरलेलं सगळं फरशीवर. व्हॉल्व्ह उघडून पाहिला तर झडपेच्या कडेवर नळीतल्या किड्याचं पांढरं चुनखडी घर चिकटलेलं, तांदळाच्या दाण्याएवढं. तेवढ्याने झडप पुरती बसत नव्हती. खाऱ्या पाण्यात हे आज ना उद्या होतंच.

म्हणून पंप बंद असताना पाणी कुठे जाऊन थांबेल, हे आधी ठरवा. पंप चालू असतानाची मांडणी त्यानंतर. तुमच्या टाकीत पातळी 1 सेंमी उतरली की 13.5 लिटर पाणी खाली येतं. चढत्या पाइपची तोंडं पृष्ठभागाखाली 2-3 सेंमीवरच ठेवा. तोंड उघडं पडलं की हवा शिरते आणि सायफन, म्हणजे पाण्याची आपोआप खाली ओढ, तुटतो. 3 सेंमीचे 40 लिटर, त्यात ओव्हरफ्लोच्या खोक्यातलं (वरचं पाणी उतरत्या पाइपांत जातं तो कप्पा) आणि पाइपांतलं पाणी धरून 60 समजा. संप 120 × 50 × 45 चा केलात आणि पाणी 25 सेंमीवर चालवलंत, तर 42 सेंमीपर्यंत 102 लिटर मावतात. एवढी मोकळीक हवीच.

पाइपला पाण्याच्या रेषेखाली 5-6 मिमीचं भोक पाडूनही सायफन तुटतो, पण शेवाळ आणि गोगलगायी ते भोक बुजवतात. ते जादा सोय म्हणून ठेवा, मुख्य आधार म्हणून नको. खडकांमागे पाणी फिरवण्याचं काम वेव्हमेकरना (टाकीतच बसवायचे, प्रवाह करणारे पंप) द्या.

मिस्त्री_मनाचा

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. आता उतरत्या पाइपाबद्दल.

एकच पाइप म्हणजे एक गोगलगाय अडकली की टाकी वरून वाहणार. तीन घ्या, तिन्ही 40 मिमी. पहिला कायम पाण्याखाली, त्यावर गेट व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह एवढा आवळायचा की पाइप पूर्ण भरून, हवा न ओढता वाहील. मग आवाज जवळजवळ राहत नाही. दुसऱ्यातून बारीक धार चालू राहते. त्याच्या माथ्यावर हवेची नळी लावायची आणि तिचं तोंड पातळीच्या जरा वर ठेवायचं. पाणी चढून ते तोंड बुडालं की दुसरा पाइपही सायफनसारखा ओढायला लागतो. तिसरा त्याहून उंच आणि कोरडा, फक्त संकटासाठी. त्यातून पाण्याचा आवाज आला की समजायचं, पहिल्यात काहीतरी अडकलंय.

पहिल्या पाइपचं संपातलं टोक पाण्यात 2-3 सेंमीच बुडवा. जास्त बुडालं तर सुरुवातीला आतली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन धरत नाही. बॉल व्हॉल्व्हने एवढं बारीक जुळवणं जमत नाही, गेटच हवा आणि तो पूर्ण प्लॅस्टिकचा. पितळ नको, त्यातलं तांबं प्रवाळांना, कोळंबीला आणि गोगलगायींना मारतं.

बल्कहेडचा (काचेच्या भोकात पाइप बसवायचा जोड) रबरी वायसर फ्लँजच्या, म्हणजे रुंद कडेच्या बाजूला, म्हणजे पाण्याकडे. नटाच्या बाजूला नाही. वायसरला सिलिकॉन लावू नका, नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा पुरे. आणि काच टफन्ड (तापवून कडक केलेली) घेऊ नका. तिला भोक पाडायला गेलात की पूर्ण काच फुटते.

शिंपला

दोन पाइपांवर माझी टाकी पाच वर्षं चाललीय: एक सायफन, एक कोरडा. तीन लागतातच असं नाही. मात्र वाफेमुळे किंवा जाळीत कचरा अडकल्यामुळे पातळी थोडी जरी हलली, तरी मला व्हॉल्व्हला हात लावावा लागतो. तिसरा पाइप हा फरक आपोआप सांभाळतो. काच कापायची बाकी आहे तर तीन भोकं पाडून घ्याच.

पंपाचं बघा: संपातून टाकीच्या 3 ते 5 पट पाणी ताशी फिरलं की पुष्कळ, म्हणजे 2400 ते 4000 लिटर. पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. दीड मीटर चढ आणि चार एल्बो (पाइपची वळणं) आले की तो बराच घसरतो, त्यामुळे पंपाचा आलेख बघून घ्या. बसवल्यावर रिटर्नखाली, म्हणजे चढत्या पाइपच्या तोंडाखाली, 10 लिटरची बादली धरा. 10 सेकंदांत भरली तर ताशी 3600.

उलटा हिशोबही करून ठेवा. उतरते पाइप तुंबले आणि पंप चालूच राहिला, तर रिटर्नच्या कप्प्यातलं (संपात पंप असतो तो भाग) सगळं पाणी वर जाईल. कप्पा 30 × 50 आणि पाणी 20 सेंमी धरलं तर 30 लिटर, म्हणजे वर सव्वादोन सेंमी वाढ. टाकीचा काठ 4 सेंमी मोकळा ठेवा. आणि लक्षात घ्या, कप्पा रिकामा झाला की ऑटो टॉप-ऑफला (आटलेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) वाटतं पाणी आटलं, आणि तो गोडं पाणी सोडत सुटतो. त्याची बरणी छोटी ठेवा.

निळाई

तिघांचेही मनापासून आभार. उलटा हिशोब मला सुचलाच नव्हता. होजचं राहिलं, आणि वजनाची धास्ती वाटतेय.

मिस्त्री_मनाचा

कडक पीव्हीसी, प्रेशरचा. पंपाच्या तोंडाशी मात्र वीतभर सिलिकॉन होज घाला, कंपनं पाइपात जात नाहीत. पारदर्शक होज लांबवर नेऊ नका, उजेडाने आत शेवाळ धरतं. शक्य तिथे 90 ऐवजी 45 अंशांचे दोन एल्बो. पंप आणि व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना युनियन (उघडता येणारा जोड), नाहीतर साफसफाईला पाइप कापावा लागेल. जोडताना कडा घासा, सोल्युशन दोन्हीकडे लावा, पाव फेरा फिरवून अर्धा मिनिट दाबून धरा. टाकीच्या मागे 20 सेंमी जागा सोडा, हात जायला हवा.

भरती_ओहोटी

वजनाची धास्ती रास्त आहे. खारं पाणी 830 किलो, 15 मिमीची काच दीडशेच्या वर, मग खडक, भरलेला संप, स्टँड. सव्वा टन धरून चाला, तेही दीड चौरस मीटरच्या आत. राहत्या घराचा मजला बहुधा चौरस मीटरला 150 ते 200 किलो धरून बांधतात. तो भार पूर्ण खोलीवर पसरलेला धरतात हे खरं, पण वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय स्टँड बनवू नका. जागा भिंतीलगत, तुळईला आडवी निवडा. स्टँडवर पाणसळ लावूनच टाकी ठेवा.

विजेसाठी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) घाला, आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या.

निळाई

आराखडा पुन्हा काढला: 40 मिमीची तीन भोकं, रिटर्नची दोन तोंडं पृष्ठभागाखाली 2.5 सेंमीवर, एनआरव्ही काढून टाकला, संप 120 × 50 × 45. इंजिनिअरची वेळ घेतली आहे, काच त्यानंतरच कापेन. चाचणी कशी घ्यायची?

शिंपला

खडक आणि मीठ घालायच्या आधी, साध्या पाण्याने. पंप चालू असतानाची पातळी संपाच्या काचेवर टेपने खुणा, मग प्लग ओढा आणि पाणी कुठे थांबतं तिथे दुसरी टेप लावा. असं दहा वेळा करा. दर वेळी सायफन आपोआप धरतोय का बघा. शेवटी पहिल्या पाइपचा गेट पूर्ण बंद करा, दुसऱ्याच्या तोंडाला चिंधी कोंबा आणि एकटा तिसरा पाइप अख्खा प्रवाह पेलतो का ते बघा. सांध्यांखाली कोरडा कागद अंथरून आठवडाभर टाकी तशीच चालू ठेवा. थेंब पडला तर कागदावर डाग दिसेलच. त्या दोन टेपा नंतरही काढू नका. माझ्या अजून तिथेच आहेत.