नेटबुक भंगारात देण्याआधी

"दहा इंची नेटबुक आता भंगारातच द्यावं" हे मत मला पटत नाही. या छोट्या, जुन्या लॅपटॉपकडून काय काम घ्यायचं, एवढंच आधी ठरवा.

२००७ च्या आसूस ई पीसी ७०१ मध्ये सात इंची पडदा, ५१२ एमबी रॅम आणि ४ जीबी साठवण होती. एवढ्यातही ते लोकांनी मनापासून वापरलं. माझं त्यानंतरच्या पिढीतलं आहे, अ‍ॅटम एन २७० वालं. हा प्रोसेसर ३२ बिटचा, त्यामुळे उबुंटू या लिनक्स प्रणालीची नवी आवृत्ती त्यावर चढत नाही. डेबियन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या १३ व्या आवृत्तीचा इन्स्टॉलरही ३२ बिटसाठी मिळत नाही. डेबियन १२ मात्र एलएक्सडीई या हलक्या डेस्कटॉपसोबत व्यवस्थित चालतं.

खर्च करायचाच असेल तर रॅम २ जीबी करा (या चिपसेटला त्याहून जास्त चालत नाही) आणि हार्डडिस्क काढून साटा जोडणीची साधी एसएसडी (चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) बसवा. फरक लगेच जाणवतो. यूट्यूब मात्र यावर विसरा, प्रोसेसरच पुरत नाही.

पडदा १०२४ बाय ६०० असल्यामुळे सेटिंगच्या खिडकीतलं खालचं 'ओके' बटण पडद्याबाहेर जातं. आल्ट दाबून धरा आणि खिडकी माउसने वर ओढा, बटण दिसेल.

मी त्यावर मराठी लेखन करतो. इनस्क्रिप्टने (भारतीय लिपींसाठीची प्रमाण कळरचना) टाइप करायला कळफलक थोडा अरुंद पडतो, पण हात बसतो. एसटीच्या प्रवासात मांडीवर नीट मावतं, हे मोठ्या लॅपटॉपला जमत नाही. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र ती आधी काढा, चार्जरवर थेट चालतं.