‘अप्रूव्हड’ फॉस्टर कुटुंबाला मराठीत काय म्हणावे?

अनुवादिका: बाल न्याय अधिनियम, २०१५ मधील फॉस्टर केअरच्या, म्हणजे मुलाला जन्मदात्या कुटुंबाऐवजी दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला ठेवण्याच्या, व्याख्येत त्या दुसऱ्या कुटुंबाला ओळीने चार विशेषणे लावलेली आहेत : सिलेक्टेड, क्वालिफाइड, अप्रूव्हड, सुपरवाइज्ड. इच्छुकांसाठीच्या माहितीपत्रकात मी ‘निवडलेले, पात्र, मान्यताप्राप्त आणि देखरेखीखालील संगोपन कुटुंब’ असे लिहिले. ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द शाळेला शोभतो, घराला नव्हे, असे म्हणून संपादकांनी ‘मंजूर’ सुचवला आहे. ‘मंजूर कुटुंब’ मला तरी वाचवत नाही.

जुना वाचक: मंजूर होतात ती कर्जे, रजा आणि ठराव. ‘संमत’ हा आपला शब्द असताना फारसीच्या दारी जाण्याचे कारण नाही. पण मला ‘संगोपन’च अधिक खटकतो.

निरुक्तप्रेमी: ‘मंजूर’ फारसीमार्गे आला असला तरी मुळात अरबी आहे, आणि शिवाय तो आता आपलाच आहे. ‘संगोपन’ ‘गुप्’ या धातूचा. म्हणजे राखणे, आणि लपवणेही. ‘गोपनीय’ त्याचाच भाऊबंद.

क्षेत्रकार्यकर्ती: धातू काहीही असो, तो शब्द टाळावा. ‘बालसंगोपन’ म्हटले की महाराष्ट्रात लोकांना त्या नावाची अनुदानाची योजना आठवते आणि ते पैशांची चौकशी करतात. आम्ही ‘प्रतिपालक’ म्हणतो.

जुना वाचक: प्रतिसरकार, प्रतिपंढरपूर यांच्या पंगतीत बसवल्यावर ‘प्रतिपालक’ म्हणजे खऱ्या पालकाची नक्कल, असेच ऐकणाऱ्याला वाटणार.

निरुक्तप्रेमी: मग ‘गोब्राह्मणप्रतिपालक’ या बिरुदात कोणाची नक्कल आहे? तेथे ‘प्रतिपालक’ म्हणजे रक्षणकर्ता, आणि तोच अर्थ येथे नेमका बसतो.

क्षेत्रकार्यकर्ती: ‘अप्रूव्हड’बद्दल सांगायचे तर प्रत्यक्षात दोन टप्पे असतात. जिल्हा बाल संरक्षण कक्ष गृहभेट देऊन, घरातल्या सर्वांशी बोलून, उत्पन्न, आरोग्य आणि चारित्र्य पडताळून अहवाल तयार करतो; त्यातून कुटुंब योग्य ठरते. मूल मात्र बाल कल्याण समितीच्या आदेशानेच त्या घरी जाते, आणि तो आदेश त्या विशिष्ट मुलापुरता असतो. ‘मान्यताप्राप्त’ म्हटले की लोकांना वाटते, एकदा प्रमाणपत्र मिळाले की कोणतेही मूल मागता येईल. मी पहिल्या टप्प्याला ‘योग्य ठरलेले’ आणि दुसऱ्याला ‘आदेशप्राप्त’ म्हणेन.

अनुवादिका: ‘आदेशप्राप्त कुटुंब’ म्हणजे घर रिकामे करण्याची नोटीस आल्यासारखे वाटते! बरे, ‘प्रतिपालक माता-पिता’ तरी चालेल ना?

क्षेत्रकार्यकर्ती: नाही चालणार. २०२४च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित अशा एकट्या व्यक्तीलाही अर्ज करता येतो, फक्त एकट्या पुरुषाकडे मुलगी सोपवत नाहीत. अधिनियमातला शब्द ‘फॅमिली’च आहे, म्हणून ‘प्रतिपालक कुटुंब’ लिहावे.

जुना वाचक: आमच्या आजोबांच्या पिढीत ‘कुटुंब’ म्हणजे पत्नी. ‘आमचे कुटुंब माहेरी गेले आहे’ असे ते सर्रास म्हणत. अविवाहित पुरुषालाच ‘कुटुंब’ म्हणायचे, ही गंमत त्यांना कोणी समजावली असती?

निरुक्तप्रेमी: तो अर्थ मागाहून चिकटलेला आहे. संस्कृतात ‘कुटुंब’ म्हणजे घरातली सारी माणसे, आणि ‘कुटुंबिनी’ ही त्यांतली गृहिणी. मराठीने गृहिणीसाठी अख्खे घरच वापरले, यात ‘कुटुंब’ या शब्दाचा काय दोष?