मदत हवी आहे: बाबांना पहिला टचचा मोबाईल घेऊन द्यावा की बटनांचाच बरा?

घाटंजीकर:
नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, कंटाळा आला तर शेवटचे प्रश्न तेवढे वाचा.

बाबा ६१ वर्षांचे, यवतमाळ जिल्ह्यात कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. गावी ते आणि आई दोघंच, मी पुण्यात नोकरीला, बहीण वर्ध्याला दिलीय. बाबांकडे नोकियाचा साधा बटनांचा मोबाईल आहे, चार्जिंगला लावायची आठवणसुद्धा राहत नाही इतकी बॅटरी टिकते, धुऱ्यावर पडतो, चिखलात पडतो, शर्टाला पुसला की परत चालू. त्यांचं काहीच अडत नाही असं ते म्हणतात. अडतं ते सरकारी कामांना.

ई-पीक पाहणीला, म्हणजे सातबाऱ्यावर पीक चढवायच्या नोंदणीला, पिकाचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो, लोकेशन घेतं ते, मग दरवर्षी शेजारच्या पोराला चहापाणी करून शेतात न्यायचं. त्यात २०२५ च्या हंगामापासून सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळाला) कापूस द्यायचा तर कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी करा, स्लॉट घ्या, मग गाडी न्या. त्याच पोरानं नोंदणी करून दिली पण स्वतःच्या नंबरवरून केली, आता तो गेला नागपूरला कामाला आणि निरोप येणार त्याच्या मोबाईलवर, बाबा गावात रोज त्याच्या घरी जाऊन विचारणार. लांब धाग्याच्या कापसाला २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८११० आणि गावात येणारा व्यापारी काय भाव लावतो ते शेतकऱ्यांना सांगायला नको, त्यामुळे हे प्रकरण चैनीचं राहिलेलं नाही असं मला वाटतं.

आता दुसरी बाजू. आमच्याच भागात एकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून फाईल आली, ओळखीच्याच नंबरवरून, दाबली, काहीतरी इन्स्टॉल झालं आणि दोन दिवसांत खात्यातले पीककर्जाचे पैसे साफ. बाबांचंही सगळं त्या एका खात्यात येतं, कापसाचे, पीएम किसानचे, विम्याचे. बटनांचा मोबाईल आहे म्हणून मला पुण्यात निवांत झोप लागते हे खरंय.

शिवाय एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मराठी पेपर रोज वाचतात पण इंग्रजी फक्त अक्षरं जुळवून. आणि बोटं. कापूस वेचून, डवरे धरून बोटांचं पार लाकूड झालंय. दिवाळीत माझा मोबाईल हातात दिला तर नुसतं दाबायच्या ऐवजी दाबून धरत होते आणि दरवेळी आयकॉन हलायला लागायचा, दोन मिनिटांत वैतागून परत दिला.

तर प्रश्न असे की १) घ्यावाच का, २) घेतला तर बजेट १२-१३ हजार, नवा घ्यावा की माझा चार वर्षांचा जुना द्यावा, ३) पैशाच्या बाबतीत काय काळजी घेता तुम्ही लोक.

मंदार_के:
जुना देऊ नका. चार वर्षांच्या मोबाईलची बॅटरी दमलेली असते आणि बहुतेक कंपन्यांनी त्याची सिक्युरिटी अपडेटं बंद केलेली असतात, नवख्या माणसाला नेमका तोच मोबाईल देणं चूक.

नवा घेताना ६ जीबी रॅम १२८ जीबी स्टोरेज बघा, ४/६४ स्वस्त पडेल पण व्हॉट्सअ‍ॅपवरचे गुड मॉर्निंग आणि कीर्तनाचे व्हिडिओच ६४ जीबी खाऊन टाकतात, मग मोबाईल गचके खातो आणि ते म्हणणार तुझा मोबाईल बिघडला. दुकानदार ८ जीबी म्हणून दाखवेल, नीट विचारा, बऱ्याचदा ४ खरे आणि ४ स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात. मेगापिक्सेलकडे बघू नका. उन्हात स्क्रीन दिसते का ते मात्र दुकानाबाहेर येऊन बघा, शेतात फोटो काढायचा आहे ना. अपडेट किती वर्षं देणार हे बॉक्सवर नसतं, आधी शोधून जा. सॅमसंगनं गॅलेक्सी ए१६ ला सहा वर्षं जाहीर केली होती, त्या किमतीत तेवढी फारसं कुणी देत नव्हतं तेव्हा, पण तो तुमच्या बजेटच्या वर जाईल बहुतेक. आणि ब्रँडपेक्षा सर्व्हिस सेंटर यवतमाळला कुणाचं आहे ते बघा, पुण्यात असून काय उपयोग.

बोंडअळी:
भाऊ मी आर्णीकडचा, आमच्या घरीबी हेच झालं म्हनून लिहून रायलो. ई-पीक पाहणीसाठी मोबाईल घेऊन रायले असान तर नका घेऊ, एका मोबाईलवरून कितीतरी जनाची पाहणी होते, आमच्या गावात एक पोरगं अर्ध्या गावाची करते. अन् शेतकऱ्याची मुदत संपली का उरलेली सरकारनं नेमलेला सहायक करतेच. ते कपास किसानचं मात्र तुमचं बरोबर हाये, नंबर आपलाच पायजे, आमच्याकडे एकाचा स्लॉट असाच हुकला.

पन खरा उपयोग मी सांगतो कशाचा झाला. दामिनी. पुण्याच्या हवामानवाल्या संस्थेनं, आयआयटीएमनं बनवेल अ‍ॅप हाये ते, आपल्या भवताल २०-४० किलोमीटरात इज पडून रायली असन तर सांगते. जून मैन्यात बाबा वावरात असले का मले घरी बसून धाकधूक राहे, आता ते सोताच पाहून झाडाखालून निंगून येतात. डेटा अन् लोकेशन चालू पायजे, बंद ठेवलं का काई कामाचं नाई. बॅटरी दिवसभरच पुरते हे तेवढं सांगून ठेवा, नोकियाची सवय असनाऱ्याले पह्यल्या आठवड्यात तेच जड जाते.

स्वातीताई:
@घाटंजीकर, बोटांचा प्रॉब्लेम सेटिंगमध्येच सुटतो, कुणी सांगत नाही. अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये टच अँड होल्ड डिले असतं, ते लाँगवर ठेवा, मग थोडं जास्त वेळ दाबलं तरी साधं दाबणंच धरलं जातं. होमस्क्रीनचा लेआउट लॉक करा म्हणजे आयकॉन हलणारच नाहीत. खाली तीन बटनं चालू ठेवा, ते कडेवरून बोट सरकवणं आमच्या सासूबाईंना आजतागायत जमलेलं नाही पण परतीचं बटन पहिल्या दिवशी जमलं. फोन घ्यायला सरकवावं लागतं तेही त्यांना अवघड जायचं, सॅमसंगमध्ये एका टॅपवर उचलायची सोय आहे.

भाषा मराठी करा, अक्षर मोठं, आणि पहिल्या स्क्रीनवर पाच-सहाच गोष्टी. फोन, व्हॉट्सअ‍ॅप, कॅमेरा, यूट्यूब, टॉर्च. टॉर्च नक्की ठेवा, साधा मोबाईल वापरणाऱ्यांना सगळ्यात आधी तीच आठवते. टाईप करायला शिकवूच नका, जीबोर्डवर (गुगलचा कीबोर्ड) माईक दाबून मराठीत बोलायचं. आमच्याकडे सासूबाई मालवणीत बोलतात आणि ते काहीच्या काही लिहितं, तरी पाठवतात त्या, आणि आम्हाला कळतं.

काही कंपन्यांच्या मोबाईलमध्ये लॉकस्क्रीनवरच बातम्या आणि जाहिराती येत राहतात, दुकानातून घरी आणण्याआधी त्या बंद करून घ्या, नवीन माणसाला जाहिरात कुठली आणि मेसेज कुठला ते कळत नाही.

काउंटर_नंबर_तीन:
बँकेत आहे, कुठल्या ते विचारू नका. रोज असे लोक समोर येऊन बसतात म्हणून पैशाचं मी सांगतो.

बँकेला जोडलेलं सिम नोकियातच राहू द्या. हात लावू नका त्याला. नव्या मोबाईलमध्ये नवं सिम घाला आणि व्हॉट्सअ‍ॅप, अ‍ॅप, सगळं त्या नंबरवर. कारण असं की यूपीआय सुरू करताना अ‍ॅप त्याच मोबाईलमधल्या सिमवरून मेसेज पाठवून बघतं आणि तो नंबर खात्याशी जुळला तरच पुढे जातं. सिम नोकियात असेल तर टचच्या मोबाईलवरून त्या खात्याचं यूपीआय होणारच नाही. आणि लग्नपत्रिका, ई-चलन, पीएम किसान अशा नावांनी ज्या एपीके फायली (दाबली की अ‍ॅप इन्स्टॉल करणाऱ्या) येतात त्या मुख्यतः मेसेज वाचून ओटीपी पळवतात, बँकेचा मेसेज त्या मोबाईलवर येतच नसेल तर वाचणार काय? आधारचा ओटीपीसुद्धा नोकियावर येईल, तो बघून इकडे आकडे दाबायचे, जरा खटपट आहे पण त्या खटपटीचाच फायदा आहे, माणूस दोन क्षण थांबतो.

यानं सगळं सुटलं असं समजू नका. कुणी साहेब बनून फोन केला, घाबरवलं आणि बाबांनी नोकियावरचे आकडे वाचून दाखवले तर बटनांचा मोबाईलही वाचवत नाही. त्यासाठी घरात एकच नियम ठेवा, पैशाचा किंवा पोलिसांचा विषय निघाला की फोन कट करून मुलाला लावायचा. आणि गेलेच पैसे तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन, जितका लवकर तितके पैसे मधेच अडवता येण्याची शक्यता जास्त.

खतबियाण्याच्या दुकानात स्कॅन करून द्यायची हौस असेल तर पुढे वेगळं छोटं खातं काढून नव्या नंबरला जोडा, दोन-तीन हजार ठेवा त्यात. तसं साध्या मोबाईलवरूनही १२३पे (इंटरनेटशिवायचं यूपीआय) चालतं, रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२ मध्ये सुरू केलंय, पण आमच्याकडे फारसं कुणी वापरताना दिसत नाही.

सेटिंगमध्ये अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करायची परवानगी व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम आणि फाईल्स तिघांचीही बंद आहे ना ते बघा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मीडिया आपोआप डाउनलोड बंद, अनोळखी कॉल सायलेंट, ग्रुपमध्ये फक्त ओळखीच्यांनीच अ‍ॅड करायचं.

घाटंजीकर:
@काउंटर_नंबर_तीन, सिम नोकियातच ठेवायचं हे डोक्यातच आलं नव्हतं, मी उलट नोकियाचं सिम काढून नव्यात घालणार होतो. पण दोन सिम म्हणजे दोन रिचार्ज ना, बाबा महिन्याच्या रिचार्जवरूनच कंपनीला शिव्या घालतात.

मंदार_के:
ट्रायनं (मोबाईल कंपन्यांवर नियम लावणारी सरकारी संस्था) डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलल्यापासून फक्त कॉल आणि एसेमेसचे पॅक मिळतात, डेटा नसलेले. नोकियाला तो मारा आणि नव्याला डेटाचा. जरा शोधावा लागेल, अ‍ॅपमध्ये तो पुढे करून दाखवत नाहीत. जिओचं सिम असेल तर मात्र आधी बघा, जिओला टूजी नाहीच, साध्या टूजी नोकियात ते चालणार नाही. पण सध्या चालतंय म्हणजे दुसऱ्या कंपनीचं असेल.

अर्धा_चहा:
सगळे सल्ले भारी आहेत पण मला एक कळत नाही, ६१ म्हणजे काय हो, म्हातारे झाले का ते? तीस-पस्तीस वर्षं शेती केली, कर्ज काढलं, फेडलं, मुलीचं लग्न केलं, व्यापाऱ्याशी भाव केला, त्यांना फसवणूक कळत नाही आणि तुम्हाला पुण्यात बसून कळते? चांगले शिकलेले लोक डिजिटल अरेस्टमध्ये कोटी-कोटी घालवून बसलेत. त्यांना विचारलंत का त्यांना काय हवंय ते?

घाटंजीकर:
विचारलं हो. मले कायले पायजे, म्हणाले. पण संध्याकाळी शेजारच्या ओट्यावर बसून त्यांच्या मोबाईलवर फवारणीचे व्हिडिओ बघतात आणि कुठलं औषध ते कागदावर लिहून आणतात हे मला आईनं सांगितलं. तुमचं म्हणणं टोचलं पण बरोबर आहे. भीती माझी जास्त आहे, त्यांची कमी.

स्वातीताई:
आणि आईंना कुणी विचारलं का? अख्ख्या चर्चेत त्या फक्त निरोप सांगायला आल्या आहेत. माझा अनुभव सांगते, बहुतेक घरांत आधी बाईच शिकते, कारण नातवाला बघायचं असतं. लाडकी बहीणच्या केवायसीला ओटीपी लागतो तेव्हाही त्याच धावपळ करतात.

बोंडअळी:
ताई एकदम बरोबर. आमच्या घरी मोबाईल बाबाचा अन् चालवते आई.

अन् @घाटंजीकर, केवायसीवरून आठवलं, बाबाच्या बोटाचे ठसे केंद्रावर उमटते का? माह्या बाबाचे उमटतच नोयते, दोनदा वापस पाठवलं. पीएम किसानच्या अ‍ॅपमधी २०२३ पासून चेहरा दाखवून केवायसी होते, घरीच केलं मंग. हे एक काम तुमच्या घ्यावं का न घ्यावंमधी घ्यावंच्या बाजूले लिहा.

घाटंजीकर:
नाही उमटत, गेल्या वर्षी हँडवॉश लावून, तेल लावून सगळं करून झालं. हे माहीतच नव्हतं, धन्यवाद भाऊ.

रात्री आईला फोन केला होता. ती म्हणे घ्यायचा तर मोठ्या अक्षराचा घे आणि यांच्या खिशात नको, वावरात नेऊन पाडतील, माझ्याजवळ राहू दे, पाहणीच्या दिवशी देईन. बाबा मागून ओरडत होते की मग माझ्यासाठी घेतला कशाला. म्हणजे घ्यायचं ठरलं, कुणासाठी ते ठरायचंय. ६/१२८ चा बघतो, सर्व्हिस सेंटर यवतमाळचं, सिम नवं, नोकिया जागच्या जागी. पेरणीआधी आठ दिवस सुट्टी टाकून जातोय, तेवढ्यात सेटिंग करून हात बसवून देतो. एक शेवटचं, उन्हातान्हात आणि कापसाच्या कचऱ्यात वापरायचा तर कव्हर कसलं घ्यावं?

मंदार_के:
रबराचं जाड, चारी कोपरे उचललेलं. फ्लिपवालं नको, आत धूळ साचते आणि उघडताना पडतो. काच साधी शंभरवाली लावा, फुटली की बदला. चार्जिंगच्या भोकात कापसाचा तूस जाऊन बसतो, चार्ज होत नाही म्हणाले तर आधी बंद करून लाकडी टूथपिकनं हलकेच साफ करायला सांगा, नाहीतर दुकानदार पोर्ट बदलायचे पैसे घेईल.