मदत हवी आहे: स्वयंपाकघराची भिंत पाडू की ठेवू? (फ्रेंच की अमेरिकन पद्धत)

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीत जुनं घर घेतलंय आणि स्वयंपाकघर पूर्ण नव्याने करायचंय. काँट्रॅक्टर एकच सांगतोय: मधली भिंत पाडा, मोठं आयलंड (मधोमध सुटा ओटा) घ्या, हॉल-डायनिंग सगळं एक होईल, पुढे घर विकतानाही बरं पडेल. नवऱ्यालाही ते पटलंय. माझं मन मात्र तयार होत नाहीये, कारण याआधी काही वर्षं आम्ही फ्रान्समध्ये लियाँला होतो आणि तिथलं स्वयंपाकघर मला फार मानवलं होतं.

तिथे स्वयंपाकघर म्हणजे स्वतंत्र खोली, तिला दार आणि मागच्या चौकाकडे उघडणारी उंच खिडकी. एका भिंतीला ओटा, सिंकशेजारी ओट्याखालीच वॉशिंग मशीन (तिकडे हे सर्रास असतं) आणि मधोमध लाकडी टेबल. बांगडे तळले, वाटणाचं खोबरं भाजलं, मिरचीची फोडणी दिली, तरी दार लावलं की सोफ्याला वास नाही. इथे सध्या शेगडीवर मायक्रोवेव्ह टांगलाय. त्याच्यातला पंखा धूर ओढतो, जाळीतून गाळतो आणि परत खोलीतच सोडतो. भिंत गेली तर बेडरूमपर्यंत हिंग पोचेल.

दुसरा प्रश्न उंचीचा. अमेरिकेत ओटा ३६ इंच हे ठरलेलंच. फ्रान्समध्येही ९० सेंटीमीटरच्या आसपास असतो, म्हणजे फरक नाहीच. पण ते टेबल ७५ सेंटीमीटरचं होतं. माझी उंची पाच फूट. ओट्यावर कणीक मळताना टाचा वर होतात आणि सगळा भार मनगटावर येतो. टेबलावर सरळ खांद्यातून जोर देता यायचा. पोळ्याही तिथेच लाटायचे.

वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात प्रसिद्ध पाककृती-लेखिका जूलिया चाइल्डचं स्वयंपाकघर ठेवलंय, ते पाहून आल्यापासून तर हा विचार डोक्यातून जात नाही. पॅरिसच्या ‘ल कॉर्डाँ ब्ल्यू’ या पाकशाळेत शिकलेली ही अमेरिकन बाई. मॅसॅच्युसेट्समधल्या तिच्या घरातलं स्वयंपाकघर नवऱ्याने १९६१ मध्ये तिच्या सोयीने मांडून दिलं. ती खूप उंच, म्हणून ओटे ३८ इंचांचे. मधे टेबल. भिंतीवर छिद्रांच्या फळीला पातेली टांगलेली आणि प्रत्येक पातेल्याची आकृती फळीवर रेखलेली, म्हणजे कुठलं कुठे जातं ते कुणालाही कळावं. तिच्यासाठी दोन इंच वाढवता येतात, तर माझ्यासाठी कमी का होऊ नयेत?

अमेरिकन पद्धतीतलं मला काय हवंय तेही सांगते. खोल ड्रॉवर, पँट्री, आणि सिंक-शेगडी-फ्रिज यांचा त्रिकोण. प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट आणि तिन्ही मिळून २६ फुटांच्या आत, हा हिशोब खरोखर पाय वाचवतो. लियाँला फ्रिज पॅसेजमध्ये होता, त्याचा कंटाळा यायचा.

तर भिंत ठेवूनही उजेड कसा आणता येईल? आणि ओट्याला संगमरवर घ्यावा का? हळद, लिंबू, चिंच रोजचीच आहे. कुणी केलं असेल तर अनुभव जरूर लिहा.

प्रतिसाद १

ताई, आधी ती भिंत भार पेलणारी आहे का ते इंजिनिअरला विचारा, बाकी सगळं नंतर. चिमणीची नळी बाहेर काढायचीच, त्यात तडजोड नको. शेगडी बाहेरच्या भिंतीला असेल तर नळी छोटी राहते. आयलंडवर शेगडी घेतली तर मागे भिंत नसल्याने धूर पसरतो आणि जास्त ताकदीची चिमणी लागते. चिमणीची ताकद ४०० सीएफएमच्या (मिनिटाला ओढल्या जाणाऱ्या हवेचे घनफूट) वर गेली तर बऱ्याच ठिकाणी बाहेरची हवा आत घ्यायची सोयही करावी लागते, परमिटच्या वेळी विचारून ठेवा.

संगमरवराचं म्हणाल तर हळदीपेक्षा लिंबू वाईट. आम्ल दगडच खातं, मग पॉलिश गेलेली जागा पुसून परत येत नाही. आमच्याकडे ओट्याला सोपस्टोन (एक मऊसर दगड) आहे. त्यावर आम्लाचा परिणाम होत नाही, प्रयोगशाळांची टेबलं त्याची करतात ती त्यामुळेच. चरे पडतात, पण घासून जातात. क्वार्ट्झ (कारखान्यात बनवलेला दगड) घेतलात तर गरम कढई थेट ठेवू नका, त्यात राळ असते.

प्रतिसाद २

मी पॅरिसजवळ राहते. इकडेही नव्या घरांत आता उघडी स्वयंपाकघरंच जास्त. पण वास नको असलेले लोक व्हेरिएर बसवतात: खाली कमरेएवढी भिंत, वर काळ्या लोखंडी चौकटीत काचा, आणि काचेचंच दार. उजेड येतो, हॉलमध्ये अभ्यास करणारी मुलं दिसतात, फोडणीचा धूर आतच राहतो. भिंत थोडी ठेवून थोडी पाडता येईल.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार! हे व्हेरिएर नवऱ्याला लगेच दाखवलं, आणि पहिल्यांदाच तो ‘बघू’ म्हणाला. इंजिनिअरला या आठवड्यात बोलावते. एकच विचारायचंय: काचा थेट छतापर्यंत घ्याव्यात की वर फट ठेवतात? आणि लोखंडी चौकटीवर तेलाचा चिकटा बसतो का?