आयर्लंडच्या टॉवर हाउसमध्ये छताला टोपलीचे ठसे कशाचे?

प्रश्न : आयर्लंडमधल्या १५व्या-१६व्या शतकांतल्या टॉवर हाउसच्या (बुरुजासारख्या उंच, तटबंद राहत्या घरांच्या) फोटोंत दगडी कमानी छताला खालून टोपलीच्या विणीसारखे ठसे दिसतात. नक्षी म्हणावी, तर खोली कोठाराची! शिवाय मोठा दिवाणखाना पार वरच्या मजल्यावर. असं का? जाणकारांनी सांगावं.

चुनखडी : नक्षी नाही, सेंटरिंगचा, म्हणजे कमान बांधताना खालून दिलेल्या तात्पुरत्या आधाराचा ठसा आहे तो. लाकडी सांगाड्यावर फळ्यांऐवजी काटक्यांचे विणलेले तट्टे टाकत. त्यावर चुन्याचा जाड थर, त्यात चपटे दगड कडेवर उभे दाबून बसवलेले. तट्टा लवचिक, त्यामुळे ओबडधोबड सांगाड्यावरही बाक धरतो. नीट रंधा मारलेल्या फळ्या लागत नाहीत. सांगाडा काढला की चुन्यात वीण उमटलेली राहते, कुठेकुठे काटक्याही अडकून राहतात. चुना मात्र सावकाश धरतो. आतून ओला असताना सांगाडा काढला, तर माथा बसतो आणि भिंती बाहेर रेटल्या जातात.

जंग्या : दिवाणखान्याचं कारणही हीच कमान. तिच्यामुळे वरच्या खोलीला दगडी जमीन मिळते, विस्तवाची भीती नाही. खाली फक्त अरुंद जंग्या (मारा करायच्या भिंतीतल्या फटी), उंचावर मोठ्या खिडक्या परवडतात. बाकीचे मजले लाकडी तुळयांवर. ते कुजून गेले, भिंतीतून पुढे आलेले आधाराचे दगड तेवढे उरले.

जाता जाता, १४२९ च्या अनुदानाबद्दल. इंग्लंडचा राजा सहाव्या हेन्रीच्या काळात डब्लिन, मीथ, किल्डेअर आणि लाउथमध्ये १० वर्षांच्या आत किमान २० फूट लांब, १६ फूट रुंद, ४० फूट उंच बुरूज बांधणाऱ्याला १० पौंड ठरले होते. सगळी टॉवर हाउस त्यातूनच उभी राहिली असं लिहितात, ते पटत नाही. लिमरिक, टिपररी, गॉलवेत ती दाटीने आहेत, आणि तिथे ही योजना नव्हतीच.

चुनखडी : सहमत. आणि ठसे दिसले म्हणून बांधणारा गेलिक (मूळ आयरिश) सरदारच, असंही धरू नका. अँग्लो-नॉर्मन (इंग्लंडकडून येऊन वसलेल्या) घराण्यांच्या बुरुजांत आणि मठांतही ते आहेत. सरळ समांतर पट्टे दिसले तर सेंटरिंग फळ्यांचं. टॉर्च छताला जवळजवळ टेकवून तिरपी धरा, पुसट वीणही उठून दिसते. जिथे दुरुस्तीत सिमेंट थापलंय तिथे शोधू नका: ओल आत कोंडते, मागचा चुना भुसभुशीत होतो आणि पापुद्र्याबरोबर ठसाही गळतो.