मदत हवी आहे: वसतिगृहात परदेशी स्वयंसेवक घ्यावेत का?

नमस्कार मंडळी,

जव्हार तालुक्यात आमची छोटी संस्था आहे. मुलींचं वसतिगृह, संध्याकाळची अभ्यासिका, पाड्यांवर पोषणाचं थोडं काम. युरोपातल्या एका कंपनीचा मेल आलाय. दर पंधरवड्याला चार-पाच तरुण पाठवू म्हणतात. ते मुलींना इंग्रजी शिकवणार, खेळ घेणार, राहणारही वसतिगृहातच. कंपनी त्यांच्याकडून घसघशीत फी घेते, त्यातला वाटा आम्हाला. दोन विश्वस्त खूश आहेत (त्यांना छपराची दुरुस्ती दिसतेय), मला मात्र पटत नाही.

दर पंधरा दिवसांनी नवा दादा नाहीतर ताई, आणि वर्ग पुन्हा ‘माय नेम इज’पासून. घरापासून लांब राहणाऱ्या मुली पटकन जीव लावतात, त्यांनी महिन्यातून दोनदा निरोप द्यायचा? नेपाळ आणि कंबोडियात तर पाहुण्यांच्या पैशावर बालगृहं वाढली आणि आईबाप हयात असलेली मुलं ‘अनाथ’ म्हणून त्यात भरली गेली. ऑस्ट्रेलियात २०१७ साली संसदेच्या समितीने याची दखल घेतली होती. आम्ही त्या थराला जाणार नाही हो, पण मुली कमी झाल्या की पैसे कमी, हे गणित एकदा डोक्यात शिरलं की एखादीला घरी परत पाठवण्याचा निर्णय कोण घेईल?

आम्हाला खरं तर तीन महिने राहून आमच्या कार्यकर्त्यांना हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकवणारं कुणीतरी हवंय. तसं कळवलं, तर अशा कामाला मागणी नसते म्हणे!

व्हिसा, पैसे, माणसांची पडताळणी याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावं. विश्वस्तांची बैठक जवळ आलीये.

प्रतिसाद १
एफसीआरए (परकीय देणग्यांचं नियमन करणारा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर देणगी घेऊच नका. परदेशी नागरिकाने इथे येऊन रुपयांत दिली तरी ती परकीय देणगीच. कंपनी म्हणेल, ‘राहण्या-जेवणाचं बिल लावा’. सेवेबद्दलची फी कायद्यात वेगळी धरतात, पण ती तुमच्या नेहमीच्या व्यवसायातली असावी लागते. सीएला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. ई-टूरिस्ट व्हिसावर महिनाभरापर्यंतचं बिनमोबदल्याचं स्वयंसेवी काम चालतं. तीन महिन्यांसाठी मात्र एम्प्लॉयमेंट व्हिसा बघावा लागेल.

प्रतिसाद २
ताई, राहण्याची सोय वसतिगृहात अजिबात नको, गावात करा. त्यांच्या देशातला पोलिसांचा दाखला आणि दोन संदर्भ आधी मागवा. मुलींसोबत एकटं कुणी बसायचं नाही, मग तो कितीही सज्जन वाटो. बालगृहातल्या मुलांची ओळख छापणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे. तुमचं वसतिगृह त्यात बसत नसलं तरी फोटोंना तोच नियम लावा. आणि कामाचं वर्णन तुम्ही लिहा, कंपनीला लिहू देऊ नका. ते वाचून जो येईल तोच तुमच्या कामाचा.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. फीचा मुद्दा सीएंना विचारते. मराठीत लिहिलेलं बालसुरक्षा धोरण किंवा कराराचा नमुना कुणाकडे आहे का? आमच्या स्वयंपाकीण मावशींपासून सगळ्यांना वाचता यायला हवा.