'कोर्ट' घरी बघितला आणि अर्धवट वाटला, तुमचं पण असं होतं का?

चेंबूरची_पोर
नमस्कार मंडळी. सप्टेंबरात बाबांना घेऊन थेटरात 'दशावतार' बघितला आणि परवा रविवारी घरी टीव्हीवर 'कोर्ट' (चैतन्य ताम्हाणेचा, २०१५ ला थेटरात आलेला, तेव्हा राहून गेला होता). दोन्हीबद्दल बोलायचंय.

आधी 'दशावतार'. बाबा सावंतवाडीकडचे, एकोणिसाव्या वर्षी मुंबईत आले. गुडघ्यांमुळे थेटरात यायला तयारच नव्हते, पण दिलीप प्रभावळकर दशावतारी (म्हणजे कोकणातल्या जत्रेतल्या दशावतार नाटकाचा नट) झालेत म्हटल्यावर निघाले. इंटर्वलला जागचे हलले नाहीत, नुसते पडद्याकडे बघत बसले होते, आणि घरी येताना रिक्षात लहानपणी जत्रेत गोणपाट अंथरून रात्रभर नाटक कसं बघायचे ते सांगत होते. हे मी आजवर कधीच ऐकलं नव्हतं. मला पिक्चर आवडला, दुसरा भाग थोडा ताणलाय, पण ८१ वर्षांचा माणूस पडद्यावर जे करतो ते बघून अंगावर काटा आला.

आता 'कोर्ट'. एवढं नाव ऐकलं होतं, व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलला बक्षीस, ऑस्करला भारताकडून गेलेला, म्हणून मुद्दाम लावला. पण खरं सांगते, मध्ये कुकर लावला, दोनदा फोन आला, नवऱ्याने अर्धा पिक्चर मोबाईलवर क्रिकेटचा स्कोअर बघत काढला, आणि शेवटी कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते, सगळे निघून जातात, लाईट जातात, स्क्रीन काळीकुट्ट. संपला म्हणून टीव्ही बंद केला. निकाल नाही, काही नाही. मला खरंच समजून घ्यायचंय की यात लोकांना एवढं काय दिसलं? आणि घरी बघितला म्हणून असं झालं का?

शाईपेन
ताई, तुम्ही पिक्चर संपायच्या आधी बंद केलात!! तो अंधार शेवट नाहीये, त्यानंतर पण पिक्चर आहे. मी थेटरात बघितला तेव्हा तिथे पण चार-पाच जण उठून चालायला लागले होते आणि परत उजेड झाल्यावर जिन्यातच उभे राहिले. पुढे काय ते सांगत नाही, पण ती शेवटची काही मिनिटं बघितल्याशिवाय जज कोण आहे हे कळत नाही, आणि तो कोण आहे हे कळलं नाही तर निकालाची वाट बघण्यात काय अर्थ आहे तेही कळत नाही. आजच बघा.

बाकी 'लोकांना काय दिसलं' म्हणाल तर माझ्यापुरतं सांगतो. मी तालुक्याच्या कोर्टात वकिलाकडे कारकुनी केलीय साडेतीन वर्षं. पिक्चरमधल्या कोर्टात जो पंखा, ज्या फायली, टायपिस्टला सावकाश एकेक वाक्य सांगणं, पुढची तारीख घेणं, हे सगळं इतकं खरं आहे की मला त्या खोलीचा वास आला. हिंदी पिक्चरमध्ये वकील ओरडतात, टेबल बडवतात, इथे सरकारी वकील (गीतांजली कुलकर्णी, काय काम केलंय!) जुन्या कायद्याची कलमं एका सुरात वाचत जाते आणि संध्याकाळी लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. ती वाईट बाई नाहीये. आपल्यासारखीच आहे, आणि ती तिचं रोजचं काम करत्येय त्यात एक म्हातारा लोकशाहीर जेलमध्ये सडतोय. आरोप काय तर त्याचं गाणं ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली.

त्या कामगाराच्या बायकोची साक्ष परत नीट ऐका. गटारातल्या वायूने त्याचा एक डोळा गेला होता, आणि वास सहन व्हावा म्हणून दारू पिऊन उतरायचा. हे ती रेशनच्या रांगेत बोलावं तसं बोलते, पाठीमागे संगीत नाही, तिच्या चेहऱ्याच्या जवळ कॅमेरा नाही. आणि कुकरची शिट्टी झाली की नेमकं हेच निसटतं, कारण 'इथे लक्ष द्या' म्हणून पिक्चर कुठेच सांगत नाही. तुमचा दोष नाही त्यात, घरात हे होणारच.

शाहीर झालेले वीरा साथीदार हे नागपूरचे खरे कार्यकर्ते, 'विद्रोही' मासिकाचे संपादक. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेले. त्या दिवशी मी परत पूर्ण बघितला होता.

कुडाळकर_७
मी फक्त 'दशावतार'वर बोलतंय, कारण 'कोर्ट' बघूक नाय. चेंबूरची पोर, तुझ्या बाबांका माझो नमस्कार सांग.

आमच्याकडे दशावतारी नाटकाला धयकालो म्हणतात. देवळाच्या जत्रेत मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चालतो, सोबत पायपेटी (पायाने भाता मारायची हार्मोनियम), मृदंग, झांज. लिहिलेली संहिता नसते, आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं आणि संवाद नट जागेवर रचतो, समोरचा चुकला तर सांभाळून घेतो. रंगरंगोटी ज्याची त्याने करायची. स्त्रीपार्टी पण पुरुषच, आणि अशी साडी नेसतात की बायका बघत राहतात. पूर्वीचे लोक पेटारा डोक्यावर घेऊन एका गावातून दुसऱ्या गावात चालत जायचे. माझे चुलते राजापार्टी करायचे, रात्री मुकुट घालून राजा आणि सकाळी परत कुणाच्या तरी बागेत मजुरी.

म्हणून मला पहिला भाग जास्त आवडला, प्रभावळकरांच्या बाबुली मेस्त्रीला दिसायचं कमी झालंय तरी रंगमंच सोडवत नाही आणि पोरगा म्हणतो आता पुरे, हे प्रत्येक नाटक कंपनीत घडलेलं आहे. दुसऱ्या भागात सूडाची गोष्ट सुरू होते तिथे माझं मन थोडं बाहेर आलं, खाणवाले लोक एकदम पिक्चरमधले व्हिलन वाटले. डोंगर विकला जातो तेव्हा समोर नेहमी गुंडच असतो असं नाही, कधीकधी आपलाच नातेवाईक सातबारा घेऊन उभा असतो, ते दाखवायला हवं होतं. पण आमच्या सिंधुदुर्गातल्या थेटरात शिट्ट्या वाजल्या, म्हाताऱ्या बायका हात जोडत होत्या, ते मी विसरणार नाही.

सौ_डब्लिन
घरी बघायचं म्हणजे आमच्याकडे एकच नियम, मोबाईल स्वयंपाकघरात ठेवायचे आणि जेवणं आधी उरकायची. इथे मराठी पिक्चर थेटरात लागला तर एखादाच शो लागतो, त्यामुळे बाकी सगळं घरीच. नवरा, मी आणि सासूबाई मिळून 'वाळवी' बघितला, सासूबाईंनी विणकाम बाजूला ठेवलं, एवढं पुरे. परेश मोकाशींचा आहे, काहीही वाचू नका आधी, तसाच लावा.

शाईपेन
'वाळवी'ला +१. आणि ज्यांना शांत पिक्चर चालतात त्यांनी 'साबर बोंडं' सोडू नका. रोहन कानवडेचा, २०२५ च्या अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिव्हलमध्ये मोठं बक्षीस मिळालं. वडील गेल्यावर मुंबईचा मुलगा दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो आणि लहानपणीच्या मित्राशी त्याचं नातं परत जुळतं. दोन पुरुषांचं प्रेम आहे, पण सगळं मातीच्या, गुरांच्या, नातेवाईकांच्या प्रश्नांच्या मधोमध, 'लग्न कधी करतोस' सकट. पार्श्वसंगीत नाहीच. मी पुण्यात थेटरात बघितला, आठ-दहा जण होतो, एकानेही फोन काढला नाही. हे थेटरातच जमतं बहुतेक.

चेंबूरची_पोर
बघितलं काल रात्री. सगळे झोपल्यावर, हेडफोन लावून, परत पहिल्यापासून.

त्या अंधारानंतरचं बघून मला राग आला, जजचा पण आला आणि परवा मी तिथेच उठले त्याचा पण. साक्षीनंतर शाहिराचा वकील त्या कामगाराच्या बायकोला गाडीतून घरी सोडतो, पैसे देऊ करतो आणि ती म्हणते काम असेल तर सांगा, हे मी पहिल्या वेळी पाहिलंच नव्हतं, तेव्हा मी फोनवर होते. आमच्या सोसायटीत गटार तुंबलं की जे दोघे येतात त्यांचं नाव मला माहीत नाही. आज सकाळी वॉचमनला विचारलं, त्यालाही माहीत नाही, पुढच्या वेळी आले की मला वर बोलवायला सांगितलंय.

कुडाळकर, तुमचं वाचून दाखवलं बाबांना. ते विचारतायत तुमचे चुलते कुठल्या कंपनीत होते, त्यांनी कदाचित बघितलं असेल त्यांना.